जुन्या गाडीवर दुसरी अलॉय: अडॅप्टर, सेंटरिंग रिंग आणि आधीची मोजमापं

चार भोकांची जी अलॉय चाकं आज बाजारात मिळतात, त्यांतली बहुतेक ४×१०० मापाची असतात. जुन्या गाड्यांची अडचण इथूनच सुरू होते. फियाट पालिओचा हब (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) ४×९८ चा, फोर्ड आयकॉनचा ४×१०८ चा, मारुती ८०० चा ४×११४.३ चा. पहिला आकडा भोकांचा आणि दुसरा पीसीडी, म्हणजे सगळ्या भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर दुकानदार तीन उपाय सांगतो: भोकं थोडी मोठी करू, 'बसतंय ना, मग चालतंय', किंवा अडॅप्टर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारा माप बदलणारा तुकडा, लावू. पहिले दोन ऐकले की चाकं उचलून घरी यावं. तिसरा उपाय बरोबर असू शकतो, पण तो मापून केला तरच.

चाक बसवताना तीन वेगळी कामं होत असतात आणि घोटाळा ती एकच समजण्यातून होतो. चाक बरोबर मध्यावर आणण्याचं काम हबच्या मधल्या उंचवट्याचं, किंवा नटाच्या शंकूचं. चाक हबवर दाबून धरण्याचं काम नट-बोल्टच्या ताणाचं. आणि गाडीचं वजन पेलतं ते त्या दाबामुळे दोन सपाट पृष्ठभागांमध्ये तयार होणारं घर्षण. सेंटरिंग रिंग, म्हणजे चाकाचं मधलं भोक आणि हबचा उंचवटा यांच्यातली फट भरणारं कडं, वजन पेलत नाही. नट आवळले जाईपर्यंत चाक मध्यावर धरून ठेवणं एवढंच तिचं काम. म्हणूनच प्लास्टिकची रिंगही चालते, आणि म्हणूनच उत्तम रिंग असली तरी ढिला बोल्ट सावरला जात नाही.

आधी माप, मग खरेदी

लागणारी हत्यारं: ०.०५ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्नियर, सरळ धातूची पट्टी, वायर ब्रश, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), दोन जॅक स्टँड आणि पातळ भिंतीचा सॉकेट. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच बहुधा नसतो. तो स्वतःचा असावा, कारण या कामात तो पुन्हा पुन्हा लागतो.

चार भोकांचा पीसीडी समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमध्ये सरळ मोजता येतो. पाच भोकांत समोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घेऊन १.७०१ ने गुणायचं. ५×११२ ला हे अंतर ६५.८ मिमी येतं आणि ५×११४.३ ला ६७.२. दोन मापांत जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक आहे, तिथे फूटपट्टी फसवते. चार भोकांतही ९८ आणि १०० नजरेला सारखेच दिसतात.

नंतर हबचा मधला उंचवटा. त्याचा बाहेरचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजायचा. गंज असेल तर तो काढून झाल्यावर. आयकॉनचा ६३.४ मिमी, पालिओचा ५८.१, जुन्या होंडा सिटीचा ५६.१, ओपेल अ‍ॅस्ट्रा आणि कोर्साचा ५६.६. व्यासाइतकीच महत्त्वाची त्या उंचवट्याची उंची, आणि नेमकी तीच कुणी मोजत नाही. चाकाच्या मधल्या भोकाला मागच्या बाजूने तिरपी कड असते. उंचवटा आखूड असेल तर तो त्या तिरप्या कडेतच संपतो आणि रिंगला धरायला काही उरत नाही. पाच मिमीचा साधा स्पेसर (जाडी वाढवणारी चकती) मध्ये टाकला की हाच प्रकार होतो: रिंग लावलेली दिसते, पण हवेत असते.

चाकाचं मधलं भोक मोजा. दुय्यम बाजारातल्या, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नसलेल्या, अलॉयचं ते मुद्दाम मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिमी, म्हणजे एकच चाक वेगवेगळ्या गाड्यांना विकता येतं. भोक हबपेक्षा लहान निघालं तर रिंगचा प्रश्नच संपला. मारुती जिप्सीवाल्यांना हे ठाऊक असतं: तिचा ५×१३९.७ पीसीडी इतर काही गाड्यांशी जुळतो, पण हब १०८ मिमीचा आहे, आणि लहान भोकाचं चाक तिथे चढतच नाही.

स्टडची (हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्याची) हबच्या सपाटीपासूनची लांबी, आट्यांचं माप आणि नटाच्या बसणीचा आकार हेही टिपून ठेवा. आयकॉनला एम१२×१.५ चे (१२ मिमी जाडी, दोन आट्यांमध्ये १.५ मिमी) स्टड असतात, मारुतीला एम१२×१.२५. पालिओला स्टड नाहीत, एम१२×१.२५ चे बोल्ट थेट हबमध्ये जातात. १.२५ च्या स्टडवर १.५ चा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग जड होतो. तिथे एअर गन लावली की स्टडचे आटे गेलेच.

अडॅप्टर खरंच लागतो का?

मारुती ८०० ला बहुधा नाही. १२ आणि १३ इंचात आठ भोकांची अलॉय मिळतात: चार भोकं १०० वर, चार ११४.३ वर. ती घेतली की फक्त रिंग लागते. मधला एक तुकडा कमी म्हणजे तपासायचे नट निम्मे. अशी सोय असताना केवळ एका डिझाइनच्या हौसेपायी अडॅप्टर लावणं हा निव्वळ खटाटोप आहे.

पालिओलाही अडॅप्टर नको. ९८ आणि १०० मध्ये प्रत्येक बोल्टमागे एकच मिलिमीटर फरक पडतो. साध्या बोल्टने हे चाक 'बसतं', आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. पहिला बोल्ट नीट बसतो, पुढचे मात्र शंकूच्या एका बाजूने टेकतात. टॉर्क रेंच टक् वाजवतो, पण तो ताण चाक दाबण्यात न जाता बोल्ट वाकवण्यात गेलेला असतो. चाक फिरताना वाकलेला बोल्ट दर फेऱ्याला ताणला जातो, सैल होतो आणि एक दिवस मानेपाशी तुटतो. यावर इलाज म्हणजे व्हॉबल बोल्ट. त्यांचा शंकू बोल्टवर सुटा असतो आणि साधारण १.२ मिमी बाजूला सरकतो. चारही बोल्ट तसेच हवेत, दोन साधे आणि दोन व्हॉबल अशी भेळ नको. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: शंकू सरकता झाला म्हणजे चाक मध्यावर आणण्याचं काम तो आता करत नाही. त्यामुळे व्हॉबल बोल्टसोबत रिंग ही अट आहे. पालिओवर ७३.१ भोकाचं चाक असेल तर रिंग ७३.१–५८.१.

अडॅप्टर खरा लागतो तो आयकॉनसारख्या गाडीला. १०८ वरून १०० म्हणजे प्रत्येक भोक चार मिमी आत येतं. व्हॉबल बोल्टच्या आवाक्याबाहेरचं हे अंतर आहे. पुढचा हिशेब याच गाडीवर करू.

अडॅप्टर कसा निवडायचा

अडॅप्टरमध्ये चार भोकं १०८ वर असतात, त्यांतून गाडीचे स्टड येतात. ४५ अंश फिरवून १०० वर चार नवे स्टड ठोकलेले असतात. अडॅप्टर आधी गाडीवर आवळायचा, मग त्याच्या स्टडवर चाक.

जाडी तुमच्या आवडीने ठरत नाही. गाडीचा स्टड हबपासून २६ मिमी बाहेर येत असेल आणि अडॅप्टर २० मिमीचा असेल, तर ६ मिमी स्टड चाकाच्या पाठीत घुसतो आणि चाक सपाट बसत नाही. मग एक तर अडॅप्टर ३० मिमीचा घ्यायचा, नाही तर चाकाच्या पाठीला भोकांच्या मधे खोलगट खाचा आहेत का ते पाहायचं. खाचा असल्या तर पातळ माती किंवा लोण्यासारखं ग्रीस लावून चाक एकदा टेकवा आणि स्टडचा ठसा खाचेच्या आत पडतोय का ते तपासा. स्टड कापणं हा तिसरा मार्ग, पण मग मूळ चाक परत लावताना नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. तो शेवटचाच ठेवावा.

धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम, घडीव पाट्यातून कापलेला. ओतीव नको. स्टडच्या डोक्यावर १०.९ ही खूण हवी. बऱ्याच मापांना चालेल अशा लांबट खाचांचा 'युनिव्हर्सल' तुकडा फुकट मिळाला तरी घेऊ नये. नट तिथे अर्ध्याच जागेवर टेकतो. भोसरी-चिंचवडकडच्या चांगल्या लेथवाल्याकडून अडॅप्टर करून घेता येतो, पण त्याला नमुना न देता आकडे लिहून द्यावेत: आतला व्यास ६३.४ (+०.०५, वजा नाही), दोन्ही सपाट्या एकमेकींना समांतर, ०.०५ मिमीच्या आत. समांतरपणा चुकला की चाक मध्यावर असूनही डुलतं आणि कुठलंही बॅलन्सिंग त्याला सुधारत नाही.

अडॅप्टरच्या बाहेरच्या बाजूलाही चाकासाठी उंचवटा हवाच. स्वस्तातले अडॅप्टर हबवर छान बसतात आणि बाहेरून सपाट असतात, असे नाकारा. उंचवटा ७३.१ चा करून घेता आला तर रिंगच लागत नाही. तयार मिळणाऱ्या अडॅप्टरवर तो बऱ्याचदा होंडाच्या ५६.१ मापाचा असतो. तसा असेल तर रिंग ७३.१–५६.१ घ्यावी लागते, शिवाय आणखी एक अडचण येते: ५६.१ चा उंचवटा आतून आणखी अरुंद, आणि मागच्या ड्रमवरची बेअरिंगची टोपी त्यात अडकू शकते. टोपीचा व्यास आणि हबपासूनची उंची आधीच मोजून ठेवा. टोपी अडकलेली असताना नट आवळले, तर अडॅप्टर टोपीवर टेकतो आणि हबवर टेकल्याचा फक्त भास होतो.

ऑफसेटचा हिशेब

ऑफसेट किंवा ईटी म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारी सपाटी किती बाहेर आहे ते. ईटी जितका कमी, चाक तितकं बाहेर. अडॅप्टरची जाडी ईटीमधून वजा करायची.

समजा मूळ रिम १३×५, ईटी ४०. पाच इंच म्हणजे १२७ मिमी, निम्मे ६३.५. हबपासून बाहेरची कड ६३.५ − ४० = २३.५ मिमी, आतली ६३.५ + ४० = १०३.५ मिमी. नवं चाक १४×६, ईटी ३८, आणि २० मिमीचा अडॅप्टर. प्रत्यक्ष ईटी उरला १८. सहा इंचांचे निम्मे ७६.२. बाहेरची कड ७६.२ − १८ = ५८.२, आतली ९४.२. म्हणजे चाक ३४.७ मिमी बाहेर आलं आणि आतून ९.३ मिमी जागा मोकळी झाली.

पस्तीस मिलिमीटर हा जुन्या सेदानच्या मडगार्डला न पचणारा आकडा आहे. मागे तीन माणसं बसली आणि खड्डा आला की टायर कडेला घासणार. स्टिअरिंगवरही परिणाम होतो: टायर जमिनीवर टेकतो ती जागा स्टिअरिंगच्या कलत्या अक्षापासून दूर जाते. गाडी खड्ड्यात हिसका देते, एका बाजूचा ब्रेक कमी लागत असेल तर ओढली जाते, बाहेरच्या बेअरिंगवर भार वाढतो. म्हणून अडॅप्टर लावायचा असेल तर चाक मुद्दाम जास्त ईटीचं आणि कमी रुंदीचं शोधावं. वरच्या हिशेबात १४×५.५, ईटी ४८ घातलं तर बाहेरची कड ६९.९ − २८ = ४१.९ येते. मूळपेक्षा १८ मिमी बाहेर. एवढं बहुतेक गाड्या सोसतात. आतली कड ९७.९, तीही मूळपेक्षा जास्त आत जात नाही.

टायरचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा. १७५/७० आर१३ चा व्यास ५७५ मिमी आहे. १८५/६० आर१४ चा ५७८, म्हणजे जवळपास तोच. १८५/६५ आर१४ घेतला तर ५९६ होतो, साडेतीन टक्क्यांहून जास्त; स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि पिकअप मंदावतो. रिमच्या पाठीवर भारक्षमता आणि जपानी मानकाचा जेडब्ल्यूएल हा ठसा असतो. दोन रिमची भारक्षमता मिळून भरलेल्या एका अ‍ॅक्सलच्या वजनापेक्षा जास्त हवी.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडक अर्थाने वाचलं आहे. टायर बॉडीच्या बाहेर दिसला की पोलीस थांबवणारच. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवणं शहाणपणाचं. अपघातानंतर ही चर्चा फार महाग पडते.

रिंग: प्लास्टिक की अ‍ॅल्युमिनियम?

शहरातल्या वापराला प्लास्टिकची पुरते आणि ती हबला चिकटत नाही. घाटात सतत ब्रेक लागणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांत मात्र ती तापून मऊ पडते, म्हणून पुढे अ‍ॅल्युमिनियमची बरी. कोकणपट्टीत उलट अडचण: खाऱ्या हवेत लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियमची रिंग एकमेकांना धरून बसतात आणि पंक्चरच्या वेळी चाक निघत नाही. हबच्या उंचवट्यावर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात फिरवला की हे टळतं. सपाटीवर आणि आट्यांवर ग्रीस लावायचं नाही.

रिंग चाकात अंगठ्याच्या दाबाने बसली पाहिजे आणि चाक उलटं केलं तरी पडू नये. हबवर ती हलक्या हाताने सरकावी. हातोडी लागली तर माप चुकलं आहे किंवा गंज उरला आहे. खडखडत असेल तर ती नुसती शोभेची आहे. 'जवळपास' माप म्हणून ५६.६ च्या हबला ५७.१ ची रिंग देतात. अर्धा मिमी सैल म्हणजे चाक पाव मिमी मध्य सोडून, आणि तेवढ्याने ९०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला पुरतं.

बसवण्याचा क्रम

१. सपाट जागा, हँडब्रेक, दुसऱ्या टोकाच्या चाकांना अडण. जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा.

२. हबची सपाटी वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. गंजाचा एक पापुद्रा एका बाजूला राहिला तरी चाक डुलतं, आणि तो पुढे चुरला की नटाचा ताण जातो. ड्रमला धरणारे स्क्रू वर आलेले नाहीत ना, पाहा. काही फियाटच्या डिस्कवर चाक जागेवर धरणारी लांब पिन असते. चाकात तिच्यासाठी भोक नसेल तर तिच्या जागी साधा बसका स्क्रू लावा.

३. अडॅप्टर हाताने हबवर ढकला. सगळीकडे कागद शिरणार नाही इतका टेकला पाहिजे. त्याच्यासोबतचे आखूड नट हाताने पूर्ण फिरवा. किमान आठ फेरे हवेत एम१२×१.५ ला, १.२५ ला दहा.

४. समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा: ३०, ६० आणि मग गाडीच्या पुस्तिकेतला आकडा. एम१२ साठी तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो. आट्यांना तेल नको. तेलाने घर्षण घटतं, त्याच टॉर्कला स्टडवर बराच जास्त ताण येतो आणि तो खेचला जातो. उत्पादकाने सांगितलं असेल तरच निळं मध्यम थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा चिकट द्रव) लावा.

५. अडॅप्टर फिरवून बघा. डायल गेज असेल तर सपाटीवर ०.१ मिमीपेक्षा जास्त डुलणं चालत नाही. गेज नसेल तर स्टँडला बांधलेली तार कडेजवळ आणून फट बघा. डुलत असेल तर अडॅप्टर ९० अंश फिरवून परत लावा: डुलण्याची जागा अडॅप्टरसोबत फिरली तर दोष त्याचा, जागच्या जागी राहिली तर हबचा.

६. चाकात रिंग, चाक उंचवट्यावर. ते नट न लावता स्वतःच्या बळावर क्षणभर थांबलं तर सेंटरिंग बरोबर आहे. नटाची बसणी चाकाशी जुळवा: दुय्यम बाजारातल्या अलॉयला बहुधा ६० अंशांचा शंकू लागतो, मूळ होंडाच्या नटाला गोल बसणी असते. गोल नट शंकूच्या भोकात कडेवरच टेकतो आणि अलॉय चेपतं.

७. चाक हवेत असतानाच नट हाताने, मग हलके आडव्या क्रमाने. खाली टेकवून शेवटचा टॉर्क. पालिओसारख्या बोल्टच्या गाडीत आवळण्याआधी चाकाशिवाय बोल्ट घालून मागे किती बाहेर येतात ते बघा. मागच्या ड्रममध्ये लांब बोल्ट ब्रेक शूच्या स्प्रिंगला लागतो आणि पहिल्याच फेऱ्यात खरखर सुरू होते.

८. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. कॅलिपर, स्ट्रट, ब्रेकचा पाइप यांच्यापासून किमान ५ मिमी मोकळं हवं. डिकी भरून आणि माणसं बसवून मागचं मडगार्ड पुन्हा तपासा.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत टॉर्क करा. यात आतले नटही आले. ते चाकाआड लपलेले असतात आणि चाक काढल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून हेच तपासायचं राहून जातं. चाकाचे नट घट्ट आणि अडॅप्टर सैल, ही अडॅप्टरवाल्या गाडीची नेहमीची कथा.

थरथर राहिलीच तर

८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे कमी होतं: सेंटरिंग किंवा बॅलन्सिंग. बॅलन्सिंगचं मशीन चाक मधल्या भोकावर शंकूने धरतं, म्हणजे मशीनवर ते अचूक मध्यावर असतं. गाडीवर रिंग नसेल तर चाक दुसऱ्याच मध्याभोवती फिरतं आणि मशीनवरचे शून्य ग्रॅम कामाचे राहत नाहीत. दुकानदार तीन वेळा वजनं बदलतो ते याचमुळे. वेग कितीही असो सीट खालून डुलत असेल तर मागचं चाक किंवा वाकडी रिम. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर डिस्क पाहा, पण आधी नट. वेडेवाकडे आवळलेल्या नटांनी पातळ डिस्क मुरडते. वळणावर टक् टक् आवाज आला तर गाडी तिथेच थांबवा आणि नट बघा.

स्टेपनीचा विचार आधीच करून ठेवा. अडॅप्टर लावल्यावर डिकीतलं ४×१०८ चं लोखंडी चाक थेट लागत नाही. रात्री हायवेवर हे कळणं वाईट. एक तर ४×१०० चं एक स्वस्त चाक त्याच व्यासाच्या टायरसह डिकीत ठेवा, किंवा अडॅप्टर काढायला लागणारा पातळ सॉकेट, लांब दांडा आणि मूळ नट एका पिशवीत. लोखंडी रिमला मूळ नटच लागतात. अडॅप्टरचे आखूड नट किंवा अलॉयचे लांब नट तिथे नीट बसत नाहीत. पिशवीवर माप लिहून ठेवा, कारण पंक्चर काढणारा मुलगा हाताला येईल तोच नट फिरवतो.